इंटरॅक्टिव्ह मीडिया शिकवताना : पहिले सत्र कसे आखावे आणि कसे पार पाडावे

इंटरॅक्टिव्ह मीडिया आणि डिझाइन हा विषय विद्यापीठ स्तरावर शिकवायला येणारा नवा शिक्षक बहुधा दोन वाटांनी येतो. कोणी एखाद्या स्टुडिओत किंवा सॉफ्टवेअर कंपनीत काही वर्षे काम करून तासिका तत्त्वावर किंवा अभ्यागत प्राध्यापक म्हणून येतो. कोणी उपयोजित कला, संगणकशास्त्र किंवा जनसंज्ञापन आधीपासून शिकवत असतो आणि बदललेल्या अभ्यासक्रमात हा पेपर त्याच्या वाट्याला येतो. दोघांनाही पहिला प्रश्न पडतो तो ‘कोणते सॉफ्टवेअर शिकवायचे’ हा, आणि विभागप्रमुखही पुष्कळदा तोच विचारतात. माझ्या मते त्याआधी एक वेगळा हिशेब करायला हवा : हाती असलेल्या तासांत विद्यार्थ्याच्या किती फेऱ्या पूर्ण होतील? फेरी म्हणजे विद्यार्थ्याने चालणारी एखादी वस्तू करावी, ती दुसऱ्या कोणीतरी काहीही न सांगता-समजावता वापरून पाहावी, आणि त्यात जे दिसले त्यानुसार विद्यार्थ्याने ती बदलावी. पोस्टर किंवा मांडणीचित्र करणाऱ्याला आपले काम स्वतः न्याहाळून बरेच कळते. इंटरॅक्टिव्ह कामाचे गुणदोष मात्र दुसऱ्याचा हात त्यावर पडल्याखेरीज उघडे होत नाहीत. म्हणून वेळापत्रक, साधने, ज्युरी (परीक्षकांसमोर काम दाखवून त्यावर होणारी चर्चा) आणि गुण या सगळ्यांची आखणी फेऱ्यांच्या हिशेबाने करावी.

तासांचा हिशेब

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या अभ्यासक्रमांत साधारणतः एका श्रेयांकाला (क्रेडिटला) व्याख्यानाचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास धरले जातात. विषय ४ श्रेयांकांचा असेल आणि त्यांपैकी दोन प्रात्यक्षिकाचे असतील, तर एकूण ९० तास होतात. १५ आठवड्यांच्या सत्रात ते आठवड्याला सहा तास पडतात. हे झाले कागदावरचे गणित. पहिल्या सत्रात गणेशोत्सव आणि अंतर्गत चाचण्या, दुसऱ्यात स्नेहसंमेलन आणि क्रीडा सप्ताह वजा केले, की हाती १२ आठवडे उरतात असे धरूनच चालावे. या १२ आठवड्यांची एक वाटणी अशी करता येते : पहिला आठवडा निरीक्षणाला, पुढचे सहा आठवडे प्रत्येकी दोन आठवड्यांच्या तीन लहान कामांना आणि शेवटचे पाच आठवडे एका मोठ्या प्रकल्पाला. लहान कामाच्या प्रत्येकी दोन आणि प्रकल्पाच्या तीन, अशा नऊ फेऱ्या त्यात बसतात. याहून जास्त विषय कोंबल्यास फेऱ्या कमी होतात, आणि मग सत्राच्या शेवटी प्रत्येकाकडे एकच, कोणीही न वापरलेले काम उरते.

वेळापत्रक ठरवणाऱ्या सहकाऱ्यांना सत्र सुरू होण्यापूर्वीच भेटून प्रात्यक्षिकाचे तास सलग मागून घ्यावेत. पन्नास मिनिटांच्या तासिकेत संगणक सुरू होऊन फाइल उघडेपर्यंत निम्मा वेळ जातो. सलग तीन तास मिळाले तर एका बैठकीत करणे, वापरून पाहणे आणि बदलणे हे तिन्ही होऊ शकते. अनेक स्वतंत्र डिझाइन संस्थांमध्ये एकच विषय सलग दोन-तीन आठवडे चालवण्याची पद्धत आहे. संलग्न महाविद्यालयांत ते शक्य नसते, पण तीन तासांची सलग तासिका बहुतेक ठिकाणी मिळू शकते. अभ्यास मंडळाने मंजूर केलेल्या घटकांची शीर्षके आपल्याला बदलता येत नाहीत, त्यांचा क्रम आणि त्यांखाली द्यायची कामे मात्र बरीचशी आपल्या हातात असतात. ‘संवादनिर्मितीची तत्त्वे’ हा घटक पहिला छापला आहे म्हणून पहिले तीन आठवडे केवळ व्याख्याने द्यावीत, असा नियम कुठेही नाही.

साधने निवडण्यापूर्वी प्रयोगशाळा पाहावी

सत्रापूर्वी एक दुपार प्रयोगशाळेत घालवावी आणि तेथील सहायकाशी ओळख करून घ्यावी, कारण सॉफ्टवेअर बसवण्याचा पासवर्ड त्यांच्याकडे असतो. किती संगणक प्रत्यक्ष चालतात, वर्गातील सर्वांनी एकाच वेळी ब्राउझर उघडल्यावर इंटरनेट टिकते का, यूएसबी पोर्ट बंद ठेवले आहेत का, हेडफोन आहेत का, एवढे स्वतः तपासावे. त्यानंतरच साधने ठरवावीत.

माझी पसंती कागद, पी-फाइव्ह आणि शक्य असेल तेथे आर्डुइनो (सेन्सर जोडून कोडने चालवता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) या तिघांना आहे. पी-फाइव्ह हे ब्राउझरमध्ये चालणारे, विनामूल्य आणि मुक्तस्रोत असे जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतले ग्रंथालय (लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच) आहे. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी एमआयटी मीडिया लॅबमध्ये २००१ साली कलावंत आणि डिझाइनर यांच्यासाठी ‘प्रोसेसिंग’ ही प्रणाली सुरू केली. तिचाच विचार लॉरेन मॅकार्थी यांनी २०१३ पासून पी-फाइव्हच्या रूपाने वेबवर आणला. जुन्या संगणकावरही ते चालते आणि घरी संगणक नसलेल्या विद्यार्थ्याला मोबाइलवर निदान आपले काम उघडून दाखवता येते. शाखायुक्त, म्हणजे वाचकाच्या निवडीनुसार वळणारी गोष्ट रचायची असेल, तर ख्रिस क्लिमास यांचे ‘ट्वाइन’ हे साधन कोड न येणाऱ्यालाही एका तासात हाती येते. फिग्मा हे ॲपच्या पडद्यांचे आराखडे करण्याचे साधन जरूर शिकवावे, पण त्यावर अख्खे सत्र खर्च करू नये. पडद्यामागून पडदा सरकवणे म्हणजेच वापरकर्त्याशी संवाद (इंटरॅक्शन), असा समज त्यातून घट्ट होतो, आणि वेळ, वेग, आवाज, सतत बदलणारी स्थिती या गोष्टी बाजूलाच राहतात.

आर्डुइनो घ्यायचे ठरले तर खरेदीची प्रक्रिया सत्राच्या बऱ्याच आधी सुरू करावी, कारण तीन कोटेशने, मंजुरी आणि बिल यांत आठवडे जातात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत बोर्ड, ब्रेडबोर्ड, जंपर वायरी, प्रकाशसंवेदक आणि अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर सहज मिळतात. स्वस्तातल्या बोर्डांवर बहुधा सीएच-३४० ही यूएसबी चिप असते आणि तिचा ड्रायव्हर संगणकावर नसेल तर बोर्ड ओळखलाच जात नाही. तो ड्रायव्हर सहायकांकडून आधीच बसवून घ्यावा, नाहीतर पहिली पूर्ण बैठक त्यातच जाते.

पहिला आठवडा : वर्गाबाहेर

सुरुवात इतिहासाने करण्याचा मोह टाळावा. इव्हान सदरलंड यांची पडद्यावर चित्र काढण्याची १९६३ ची प्रणाली ‘स्केचपॅड’, डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माऊस वापरून दिलेले प्रात्यक्षिक, १९६९ मध्ये मुंबईच्या आयआयटीत सुरू झालेले इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, हे सगळे विद्यार्थ्यांना कळायलाच हवे. पण स्वतः काहीतरी करून अडखळल्यावर त्याची गोडी अधिक लागते.

त्याऐवजी पहिल्या आठवड्यात एखाद्या सार्वजनिक यंत्रापाशी दोन तास उभे राहून पाहण्याचे काम द्यावे. मुंबई उपनगरी रेल्वेच्या स्थानकांवरील तिकिटाचे एटीव्हीएम यंत्र यासाठी उत्तम आहे. प्रवाशाने स्वतः तिकीट काढावे म्हणून बसवलेल्या या यंत्रापाशी पुष्कळदा एक मदतनीस उभा असतो आणि लोक यंत्राशी न बोलता त्याला स्थानकाचे नाव सांगून तिकीट घेतात. विद्यार्थ्यांना विचारावे की हा माणूस नेमके कोणते काम करतो, आणि त्यातले किती काम पडद्याची रचना बदलून यंत्राकडे देता येईल. सारेच देता येणार नाही, हे त्यांना हळूहळू उमगते : मदतनीस घाई ओळखतो, सुट्ट्या पैशांचा प्रश्न सोडवतो, वाचता न येणाऱ्याला सांभाळून घेतो. मोबाइलवर तिकीट काढण्याच्या यूटीएस ॲपने स्थानकात रुळांजवळ उभे राहून तिकीट काढण्यावर घातलेले बंधनही चर्चेला घ्यावे. तिकीट तपासनीस दिसताच घाईने तिकीट काढणाऱ्यांना रोखण्यासाठीचा हा नियम पडद्यावर कुठेही रेखाटलेला नसतो, तरी तो डिझाइनचाच निर्णय असतो. मुंबईबाहेर एसटी स्थानकावरील चौकशी खिडकी, रुग्णालयातील केसपेपरची रांग किंवा बँकेतील पासबुक छापण्याचे यंत्र हेच काम करते.

निरीक्षणाची वही हाताने लिहिलेली असावी आणि तिच्यात मते नसावीत, घडलेल्या गोष्टी असाव्यात. ‘यंत्र गोंधळात टाकणारे आहे’ हे वाक्य खोडून ‘मावशींनी परतीच्या तिकिटाचे बटण दोनदा दाबले, मग मागच्या माणसाकडे पाहिले’ असे लिहायला लावावे. ही सवय पहिल्या आठवड्यात लागली तर पुढच्या सगळ्या चर्चांची पातळी बदलते.

तीन लहान कामे

पहिले काम कागदावरचे. निरीक्षण केलेल्या यंत्राचा एक व्यवहार कागदी पडद्यांवर करायचा. एक विद्यार्थी यंत्र बनून पडदे बदलतो, दुसरा वापरकर्ता होतो आणि तिसरा केवळ नोंदी घेतो. यात कोणाचेही संगणकाचे कौशल्य आड येत नाही आणि एका बैठकीत फेरी पूर्ण होते.

दुसरे काम कोडमधले : एकाच बटणाने किंवा एकाच बोटाने वापरता येईल अशी एक वस्तू. ती वाद्य असेल, खेळ असेल किंवा नुसती मन रमवणारी हालचाल. पी-फाइव्हमध्ये चित्र साधारणतः सेकंदाला ६० वेळा नव्याने काढले जाते. ही एक कल्पना समजली की वेग, उशीर आणि सातत्य यांविषयी बोलता येते. दाबल्यानंतर प्रतिसाद दिसायला पाव सेकंद लावून पाहा, मग एक सेकंद लावून पाहा, आणि वापरणारा पुन्हा बटण कधी दाबतो ते टिपा, असा प्रयोग प्रत्येकाने आपल्या कामावर करावा. कोडची भीती असलेल्या विद्यार्थ्यांना पूर्ण चालणारा छोटा प्रोग्रॅम देऊन त्यातले आकडे बदलायला सांगणे हे कोऱ्या पडद्यापेक्षा बरे. वाक्यरचनेची व्याख्याने येथे फारशी उपयोगी पडत नाहीत.

तिसरे काम देवनागरी मजकुराचे असावे, आणि यावर मी मुद्दाम अधिक भर देईन, कारण इंग्रजीतील पाठांवरून शिकलेल्या विद्यार्थ्याला हे कोणीच सांगत नाही. काम साधे दिसते : एक मराठी ओळ टंकलेखकासारखी एकेक अक्षर उमटत पडद्यावर आणायची. विद्यार्थी पाठात मिळालेला कोड वापरतो आणि ओळ फुटते, कारण संगणकाच्या लेखी ‘क्षि’ हे एक अक्षर नसून क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व इकार अशा चार संकेतांची मालिका आहे. एकेक संकेत दाखवत गेल्यास आधी क, मग पायमोडका क्, मग क्ष आणि शेवटी मागे उडी मारून आलेली वेलांटी असा विचित्र खेळ दिसतो. मजकूर वाचकाच्या दृष्टीने अखंड असलेल्या अक्षरांत तोडण्यासाठी ब्राउझरमध्ये स्वतंत्र सोय असते, पण जुन्या ब्राउझरांत ती जोडाक्षरे मधेच तोडू शकते, हेही विद्यार्थ्यांनी स्वतः तपासावे. याच कामात अक्षरांमधले अंतर वाढवल्यावर शिरोरेषा तुटते, इंग्रजीच्या मापाने ठेवलेल्या ओळींच्या अंतरात वरचे रफार आणि खालचे उकार कापले जातात, आणि हिंदीसाठी घडवलेल्या टंकात (फॉन्टमध्ये) मराठी वळणाचे ल आणि श मिळत नाहीत, हे सगळे अनुभवाला येते. मुक्ता, बालू, नोटो यांसारखे मुक्त परवान्याचे देवनागरी टंक उपलब्ध असल्याने पैशांचा प्रश्न येत नाही. विंडोजमधील ‘मंगल’ हा टंक घडवणारे र. कृ. जोशी हे आयआयटीच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवत होते. त्यांच्या कामावर एक तास येथेच घ्यावा.

सुगम्यतेसाठी, म्हणजे दिव्यांगांनाही काम वापरता यावे यासाठी, स्वतंत्र व्याख्यान ठेवण्यापेक्षा ती प्रत्येक कामाच्या अटींत घालावी. वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुराचे पार्श्वभूमीशी विरोधाचे (कॉन्ट्रास्टचे) गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते, आणि ऑक्टोबर २०२३ च्या २.२ या आवृत्तीत दाबण्याच्या जागेसाठी, काही अपवाद सोडून, किमान २४ गुणिले २४ पिक्सेल असे माप आले. आकडे पाठ करून घेण्याची गरज नाही. फोन दुपारच्या उन्हात नेऊन वाचायला लावावा, आणि अँड्रॉइडवरील टॉकबॅक ही पडदा वाचून दाखवणारी सोय सुरू करून, पडद्याकडे न पाहता, वर्गमित्राचे काम वापरायला सांगावे. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार सुगम्यता ही कायदेशीर बाब आहे, हेही त्यांना माहीत असावे.

ज्युरी आणि चर्चा

तीस विद्यार्थ्यांना प्रत्येकी दहा मिनिटे दिली तर पाच तास लागतात, आणि तिसऱ्या तासानंतर कोणीही ऐकत नसते. म्हणून दर आठवड्याची चर्चा सहा-सहांच्या गटांत चालवावी, आपण गटागटांतून फिरावे आणि संपूर्ण वर्गासमोरची ज्युरी केवळ प्रकल्पाच्या मध्यावर आणि शेवटी ठेवावी. गटातील चर्चेचा एक नियम न मोडता पाळावा : काम करणाऱ्याने आधी काहीही बोलायचे नाही. दुसऱ्याने ते हाती घ्यावे, मोठ्याने बोलत वापरावे, आणि करणाऱ्याने फक्त लिहावे. समजावून सांगण्याची ऊर्मी फार प्रबळ असते. ‘अहो, ते बटण नाहीये’ असे एक वाक्य निघाले की ती फेरी वाया गेली असे समजावे.

भाषेचाही विचार हवा. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजीत चाललेल्या ज्युरीत गप्प राहतो आणि त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ ‘विचार केलेला नाही’ असा लावला जातो. चर्चा मराठीत, हिंदीत किंवा मिश्र भाषेत करण्याची मुभा पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत द्यावी आणि स्वतःही तसेच बोलावे. बाहेरून आलेल्या ज्युरी सदस्यांनाही हे आधी सांगून ठेवावे, तसेच ‘आवडले’, ‘नाही आवडले’ याऐवजी आपण काय केले आणि काय होईल असे वाटले होते ते सांगा, अशी विनंती करावी.

बाहेरच्या माणसांसमोर

मोठ्या प्रकल्पाच्या तीनपैकी निदान एक फेरी महाविद्यालयाबाहेरील व्यक्तींसह व्हावी. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००० साली मांडलेले ‘पाच वापरकर्ते पुरेत’ हे सूत्र विद्यार्थ्यांना लगेच भावते; ते एकाच प्रकारच्या वापरकर्त्यांना आणि फेऱ्या पुन्हा पुन्हा होणार असतील तेव्हाच लागू पडते, ही त्यामागची अट मात्र विसरली जाते. शेतकऱ्यांसाठीचे काम शहरातील पाच मित्रांवर तपासले तर त्याला चाचणी म्हणता येत नाही. व्यक्तीला कामाचा हेतू तिच्या भाषेत सांगून संमती घ्यावी, चेहऱ्याऐवजी हातांचे चित्रण करावे, फोन नंबर आणि नावे वहीत उतरवू नयेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो. त्यामुळे शाळेतील मुलांसोबत काम करायचे असल्यास पालकांची आणि शाळेची लेखी परवानगी आधी घ्यावी.

गुण, आणि यंत्राने लिहिलेला कोड

शेवटच्या वस्तूला सगळे गुण दिले, तर ज्याच्याकडे आधीपासून कौशल्य किंवा चांगला संगणक आहे तोच पुढे राहतो. अंतर्गत मूल्यमापनातील निम्मे गुण तरी फेऱ्यांच्या नोंदींना ठेवावेत : काय दिसले, त्यामुळे काय बदलले, आणि जे बदलले नाही ते का. गुणांकनाचा तक्ता कामासोबतच द्यावा, नंतर नव्हे. गटप्रकल्पात गटाचे गुण आणि व्यक्तीचे गुण वेगळे ठेवावेत, कारण चौघांच्या गटात कोड एकट्यानेच लिहिण्याची चाल सर्वत्र आहे.

विद्यार्थी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून कोड लिहवून घेणार, हे गृहीत धरावे. बंदी घातल्याने ते लपून केले जाते, एवढाच फरक पडतो. कोणता भाग कोणाकडून लिहवून घेतला हे नोंदवायला सांगावे आणि तोंडी परीक्षेत समोर बसून एक बदल करायला लावावा : चेंडूचा वेग अर्धा कर, किंवा बोट उचलल्यावर आवाज हळूहळू विरू दे. स्वतःचे काम समजलेला विद्यार्थी, कोड कुठूनही आलेला असो, योग्य ओळ शोधून काढतो.

अंतिम ज्युरीचा दिवस आणि त्यानंतर

बाह्य परीक्षकासमोर काम बंद पडण्याची कारणे दरवर्षी तीच असतात, आणि ती आधी टाळता येतात. पी-फाइव्हची फाइल नुसती दोनदा क्लिक करून उघडली तर ब्राउझरच्या सुरक्षा नियमांमुळे चित्रे आणि आवाज लोड होत नाहीत, म्हणून संगणकावर स्थानिक सर्व्हर चालवावा लागतो. वापरणाऱ्याने एकदा पडद्याला स्पर्श केल्याखेरीज ब्राउझर आवाज सुरू करत नाही. त्यामुळे ‘सुरू करा’ असा पहिला पडदा ठेवावा. कॅमेरा आणि माइक केवळ सुरक्षित पत्त्यावरून किंवा स्थानिक सर्व्हरवरूनच उपलब्ध होतात. ज्युरीच्या आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच संगणकावर आणि त्याच प्रोजेक्टरवर तालीम घ्यावी, आणि प्रत्येकाकडून दोन मिनिटांचे चित्रण जमा करून ठेवावे.

हे चित्रण पुढेही उपयोगी पडते. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश या एकेकाळी वेबवरील इंटरॅक्टिव्ह कामांसाठी वापरल्या जाणाऱ्या साधनाला मिळणारा आधार संपला आणि त्यात केलेली वर्षानुवर्षांची विद्यार्थ्यांची कामे नव्या ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. ज्यांचे चित्रण होते ती मात्र सहज दाखवता येतात. म्हणून प्रत्येक कामाचा मूळ कोड, वापरलेल्या ग्रंथालयाची प्रत, चित्रण आणि फेऱ्यांची वही यांची एकेक प्रत विभागाच्या संगणकावर आणि एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी. पुढील तुकडीला हे काम दाखवण्यासाठी विद्यार्थ्यांची लेखी संमती गुण जाहीर झाल्यानंतर घ्यावी, म्हणजे नकार देणाऱ्याला संकोच वाटत नाही. दाखवण्यासाठी निवड करताना पहिल्या फेरीत साफ फसलेली आणि तिसऱ्या फेरीत उभी राहिलेली दोन-तीन कामे, त्यांच्या वह्यांसकट, आवर्जून घ्यावीत.